तीळ कधी काढायचा आणि काढलेला तुकडा कुठे पाठवायचा

आमच्या मामीच्या डाव्या टाचेवर एक तीळ होता आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक. पायाला तीळ म्हणजे फिरण्याचा योग, आणि मामाची बदलीची नोकरी असल्यामुळे मामी खरंच नांदेड, चंद्रपूर, रत्नागिरी असं सगळीकडे फिरली, त्यामुळे त्या तिळाकडे कोणी कधी संशयाने बघितलंच नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या आधी मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा तो हाताखाली आला. तीळ कसला, डाग होता तो, शर्टाच्या बटणाएवढा, एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला काळाशार, आणि कडेला वहीच्या ओल्या कागदावर शाई फुटते तसा फुटलेला. कधीपासून वाढलाय विचारलं तर म्हणाली, अगं ते कुरूप झालंय, दोन महिने कॉर्न कॅप लावतेय.

मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, म्हणजे ऑपरेशनमध्ये शरीरातून जे काही काढतात ते तपासायला जिथे येतं तिथे मी काम करते. त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले सगळे मला तिळाचे फोटो पाठवून विचारतात की काढू का. फोटोवरून मी काय, डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगू शकत नाहीत. पण डॉक्टर हा निर्णय कसा घेतात, कुठल्या तिळाला थांबा म्हणतात, कुठला लगेच काढतात आणि कसा, हे मी जवळून बघितलंय, ते सगळं एकदा लिहून ठेवते.

आधी घाबरलेल्यांसाठी. तीळ म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झालेल्या, बाकी काही नाही. मोठ्या माणसाच्या अंगावर दहा-वीस-तीस तीळ असणं अगदी नॉर्मल आहे आणि तिशी-पस्तिशीपर्यंत नवीन तीळ येणंही नॉर्मल. याच रंगपेशींचा कॅन्सर झाला तर त्याला मेलानोमा म्हणतात. २००३ साली अमेरिकेत डॉक्टरांनी हिशोब मांडला होता की अंगावरचा एखादा तीळ एका वर्षात मेलानोमा होण्याची शक्यता किती, तर चाळिशीच्या आतल्या माणसात दोन लाखात एक किंवा त्याहूनही कमी, आणि साठीच्या पुढच्या पुरुषात साधारण ३३ हजारात एक. हे पण गोऱ्या लोकांचं, ज्यांच्यात हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. भारतात मेलानोमाचे वर्षाला नवीन पेशंट लाखात एकाहूनही कमी असतात. आणि अजून एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते, दहापैकी साधारण सात मेलानोमा तिळातून येतच नाहीत, ते स्वच्छ कातडीवर नव्याने येतात. म्हणजे अंगावरचे सगळे तीळ आधीच काढून टाकले की धोका गेला, असं अजिबात नाही, उलट नको तिथे टाके आणि व्रण. छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग इथे तर आपल्या कातडीला टाक्यांच्या जागी जाड गाठाळ व्रण उठतो, कीलॉइड, तो पुढे वर्षानुवर्षं खाजतो.

मग संशय कधी घ्यायचा? १९८५ साली न्यूयॉर्कच्या स्किनच्या डॉक्टरांनी एक सोपी खूण काढली, ए बी सी डी, नंतर २००४ मध्ये त्याला ई जोडलं. मराठीत सांगायचं तर तीळ मधोमध दुमडला तर दोन्ही अर्ध्या जुळत नाहीत, कडा तुटक-वेडीवाकडी, एकाच तिळात दोन-तीन रंग, आकार ६ मिलीमीटरच्या वर म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा, आणि शेवटचं ई म्हणजे बदल. माझ्या मते या पाचातलं सगळ्यात महत्त्वाचं हे शेवटचंच, कारण ६ मिलीमीटरपेक्षा लहान मेलानोमा पण असतात आणि त्याहून मोठे पण एकदम निरुपद्रवी तीळ तर ढीगभर असतात. गेल्या काही महिन्यांत वाढला, रंग बदलला, खाजतोय, कपडा घासला नाही तरी रक्त येतंय, खपली धरतेय आणि परत परत निघतेय, असं काही असेल तर तो दाखवायचाच, बाकीची अक्षरं जुळोत न जुळोत.

दुसरी खूण मला जास्त आवडते, तिला इंग्रजीत कुरूप बदकाचं पिल्लू म्हणतात. म्हणजे काय, तर प्रत्येक माणसाच्या अंगावरचे तीळ साधारण एका घरातल्या भावंडांसारखे असतात, कोणाचे सगळे बारीक काळे, कोणाचे सगळे तपकिरी पसरट. त्यात एकच जर वेगळ्या घरातून आल्यासारखा दिसत असेल तर डॉक्टर पहिल्यांदा त्याच्याकडे बघतात. म्हणून चांगला स्किनचा डॉक्टर तुम्ही दाखवलेला एकच तीळ बघून सोडून देत नाही, कपडे काढायला लावून सगळं अंग बघतो. त्यात संकोच करू नका.

आणि एक प्रकार या नियमांत बसतच नाही. गुळगुळीत गोल गाठ येते, वर आलेली, हाताला टणक, आणि महिनाभर सारखी वाढतेय. रंग कधी काळा, कधी लालसर, कधी साधा गुलाबी. कडा सरळ, रंग एकच, त्यामुळे ए बी सी डी मध्ये ती पास होऊन जाते. अशा गाठीला तीन महिने बघू असं कोणी म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. सपाट तिळाला थांबता येतं, वाढत्या टणक गाठीला नाही.

आता आपल्या लोकांचं जे खास आहे ते सांगते, आणि हे सगळ्यात नीट वाचा. टीव्हीवर, इंटरनेटवर मेलानोमा म्हटलं की गोऱ्या बाईची पाठ आणि समुद्रकिनारा दाखवतात. ऊन, ऊन, ऊन. आपल्या सावळ्या कातडीत मेलानोमा मुळात कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा जिथे ऊन लागतच नाही तिथे होतो, तळपाय, टाच, तळहात आणि नखाखाली. तळपाय आपण कधी बघतो का? काटा मोडला तरच. त्यात आपल्याकडे पायाला भेगा, कुरूप, भोवरी, मातीचे डाग, मेंदीचे डाग हे सगळं नेहमीचं, त्यामुळे डाग दिसला तरी नवल वाटत नाही. नखाचं तर त्याहून वाईट, नख काळं पडलं की मार लागला असेल, सुजलं की नखुरडं झालं असेल, हळद लावा. बॉब मार्ली हा जमैकाचा एवढा मोठा गायक, त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता, फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी धरलं गेलं, १९७७ ला मेलानोमा आहे हे कळलं आणि १९८१ ला तो गेला, अवघा ३६ वर्षांचा.

नखाचं ओळखायचं कसं ते माझ्या भावाच्या उदाहरणावरून सांगते. त्याच्या पायाच्या अंगठ्यावर गॅसचा सिलेंडर घसरला होता की नाही हे त्यालाच आठवत नव्हतं, नख मात्र अर्धं काळंजांभळं. स्किनच्या डॉक्टरांनी नखावर डागाच्या मागच्या कडेला ब्लेडने बारीक खूण केली, फोटो काढला आणि दोन महिन्यांनी बोलावलं. पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलीमीटर वाढतं. रक्त असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख येतं. त्याचं तसंच झालं, विषय संपला. डाग पुढे सरकत नसेल, मुळापासून टोकापर्यंत उभा पट्टा असेल आणि तो रुंद होत असेल तर वेगळी गोष्ट. उभे काळे पट्टे सावळ्या लोकांच्या नखांत तसे नेहमीचे आहेत, पाच-सहा नखांवर बारीक पट्टे असतील तर बहुतेक वेळा काहीच नसतं. पण वय चाळीस-पन्नासच्या पुढे, एकाच नखावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, पट्टा ३ मिलीमीटरच्या वर, मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळता, किंवा काळेपणा नखाच्या बाहेर कातडीवर उतरलाय, असं असेल तर बायोप्सी. आणि ती नखाचा तुकडा कापून होत नाही, नख जिथून उगवतं त्या मुळातला तुकडा घ्यावा लागतो. नुसतं कापलेलं नख तपासून काही नाही म्हटलं, तर त्यावर निश्चिंत राहू नका.

डॉक्टर तिळावर जे छोटं भिंग ठेवतात त्याला डर्मोस्कोप म्हणतात, दहापट मोठं दिसतं आणि कातडीच्या वरच्या थराच्या आतलं पण दिसतं. तळपायाच्या बाबतीत या भिंगातून जे कळतं ते मला फार भारी वाटतं. तळव्याची कातडी म्हणजे उसाचं शेत बघा, सरी-वरंबा, सरी-वरंबा. अंगठ्याचा ठसा उमटतो तो वरंब्यांचा. साध्या तिळाचा रंग सरीत साचतो, पाणी साचावं तसा, बारीक समांतर रेषा दिसतात. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो, रुंद पट्टे दिसतात, आणि त्या पट्ट्यांच्या मधोमध घामाची छिद्रं पांढऱ्या ठिपक्यांसारखी. हे जपानच्या डॉक्टरांनी शोधून काढलं, कारण तिथेही आपल्यासारखाच हा आजार तळपायाला जास्त. त्यांचा नियम साधारण असा, रंग वरंब्यावर असेल तर आकार कितीही असो बायोप्सी करा, नेहमीचा सरीतला नमुना स्पष्ट दिसत असेल तर सोडा, आणि दोन्ही नीट दिसत नसेल तर ७ मिलीमीटरच्या वर असेल तर बायोप्सी, लहान असेल तर लक्ष ठेवा. लक्ष ठेवणं म्हणजे सोडून देणं नाही. डॉक्टर भिंगातून फोटो काढून ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांनी तोच तीळ परत बघतात, बदलला तर काढतात.

मामीच्या टाचेवर वरंबे भरलेले होते.

आता काढायचं कसं. संशय असेल तर पहिली पसंती असते तीळ पूर्ण काढण्याला, आजूबाजूची एक ते तीन मिलीमीटर चांगली कातडी घेऊन आणि खाली चरबी दिसेपर्यंत खोल. लोकांना वाटतं एवढा संशय आहे तर एकदमच मोठं का नाही कापत. कारण किती कापायचं हे जाडीवर ठरतं आणि जाडी तपासल्याशिवाय कळत नाही, शिवाय आधीच मोठं कापलं तर तिथून जांघेतल्या किंवा काखेतल्या कुठल्या गाठीकडे रस (लिम्फ) वाहतो ती वाट बिघडते आणि पुढे ती गाठ शोधायची म्हटलं तर अवघड जातं. डाग खूपच मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा तळव्यावर असेल तर सगळ्यात काळ्या किंवा सगळ्यात उंच भागातून तुकडा घेतात. त्यात एक अडचण आहे ती माहीत असू द्या, तुकडा नेमका चांगल्या भागातून आला तर रिपोर्ट चांगला येतो. डाग वाईट दिसतोय आणि रिपोर्ट नॉर्मल आलाय असं असेल तर परत बायोप्सी मागायला लाजू नका. वरवर तासून घेणं मात्र संशयित काळ्या तिळाला बरं नाही, तळ तिथेच राहून जातो.

आणि चाकू लागला की पसरतो, सुई लागली की पसरतो, हे जे आपल्याकडे घराघरात म्हणतात ना, त्याने लोक वर्षवर्ष थांबतात. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही, बायोप्सी झालेल्यांचं त्यामुळे आयुष्य कमी होत नाही, हे तपासून झालंय. पसरतो तो थांबल्यामुळे.

प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटांचं काम असतं, भुलीचं इंजेक्शन झोंबतं तेवढंच. चेहऱ्याचे टाके पाच-सात दिवसांत निघतात, पाठीचे आणि पायाचे दहा ते चौदा, तळपायाला जास्त लागू शकतात आणि तेवढे दिवस त्या पायावर भार द्यायचा नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात तीळ थोडे गडद होतात, पण एखादा वेडावाकडा बदलत असेल तर बाळंतपण होऊ दे मग बघू असं करायचं नाही, जागेवर भूल देऊन बायोप्सी गरोदरपणातही करतात.

तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डबीत येतो. नीट काढलेला असेल तर बोरीच्या पानासारखा लांबट, एका टोकाला काळा दोरा बांधलेला, म्हणजे हे डोक्याकडचं टोक. पॅथॉलॉजिस्ट मॅडम त्याच्या कडांना रंग लावतात, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला हिरवा, मग ब्रेडचे स्लाइस करतो तसे उभे काप घेतात, मी शेजारी उभी राहून ते काप ठेवायच्या प्लास्टिकच्या छोट्या डबीवर, म्हणजे कॅसेटवर, नंबर घालते. नंतर मेणाचा ब्लॉक, त्याचे केसापेक्षा पातळ काप, काचेवर. मायक्रोस्कोपखाली खराब पेशी त्या रंगापर्यंत पोचलेल्या दिसल्या तर समजायचं अजून आत राहिलंय.

हे सगळं तेव्हाच होतं जेव्हा तुकडा येतो. लेसरने जाळला, कॉटरीने उडवला, तर येणार काय? दोन वर्षांपूर्वी एका माणसाची काखेतली गाठ आमच्याकडे आली होती, कापली तर आत काळी, शाई सांडल्यासारखी. फॉर्मवर लिहिलं होतं पाठीवरचा तीळ एका क्लिनिकमध्ये दोनदा लेसर केला, तपासणीला पाठवला नाही. वय एक्केचाळीस. तो तीळ किती जाड होता, सुरुवातीलाच कळलं असतं का, हे आता कोणालाच कधी कळणार नाही, आणि त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. म्हणून हात जोडून सांगते, पार्लरमध्ये, जत्रेत, ऑनलाइन मिळणाऱ्या पेनने, क्रीमने तीळ काढू नका. चुना-सोडा लावू नका, घोड्याचा केस बांधू नका. चामखीळ वेगळी, तीळ वेगळा, आणि घरी बसून तो फरक तुम्हाला कळेलच असं नाही. नुसता दिसायला बरा दिसत नाही म्हणून चेहऱ्यावरचा काढायचा असला तरी डॉक्टरला काढायच्या आधी एकच विचारा, हा तपासायला पाठवणार ना? भिंगातून बघून तो नक्की साधा आहे असं ठरवल्याशिवाय लेसर करायचा नाही.

रिपोर्टमध्ये मेलानोमा असेल तर एक आकडा शोधा, ब्रेस्लो जाडी. १९७० साली ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं की डाग किती पसरलाय यापेक्षा किती खोल गेलाय त्याला महत्त्व. आपलं एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलीमीटर जाड असतं, हातात धरून बघा. मेलानोमा ०.८ मिलीमीटरपेक्षा कमी खोल असेल, म्हणजे जवळपास त्या कार्डाच्या जाडीत मावत असेल, आणि वरून चिघळलेला नसेल, तर सहसा नुसतं परत थोडं रुंद कापून भागतं. त्याच्या पुढे गेला की जांघेतली किंवा काखेतली पहिली गाठ तपासायची का, हा विचार सुरू होतो. दुसऱ्यांदा किती कापायचं तेही यावरच. अजून वरच्या थरातच असेल तर अर्धा ते एक सेंटीमीटर, १ मिलीमीटरपर्यंत जाड असेल तर एक सेंटीमीटर, १ ते २ मिलीमीटर असेल तर एक ते दोन, त्याच्या वर दोन सेंटीमीटर. अमेरिकेच्या आकडेवारीत मूळ जागेवरच असताना सापडलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९९ टक्क्यांच्या वर लोक तग धरून असतात आणि दूरच्या अवयवात पसरल्यावर साधारण तिघांपैकी एक.

कधी रिपोर्टमध्ये डिस्प्लास्टिक नीव्हस असं येतं आणि लोक गुगल करून रडत बसतात. तो कॅन्सर नाही, पेशी थोड्या वेड्यावाकड्या आहेत एवढंच. सौम्य असेल तर बहुतेक वेळा परत कापत नाहीत, तीव्र असेल तर थोडी कड अजून काढतात, मधल्याचं डॉक्टर बघून ठरवतात.

घरात कोणाला मेलानोमा झालेला, अंगावर पन्नास-शंभराच्या वर तीळ, जन्मापासून वीतभर मोठी काळी लास, किंवा किडनी बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू, अशांनी वर्षातून एकदा पूर्ण अंग दाखवावं. माझी चुलतबहीण ब्रिस्बेनला असते, तिकडे हा आजार जगात सगळ्यात जास्त असणाऱ्या जागांपैकी एक, त्यामुळे स्किन चेक नेहमीचं. तिला मी सांगितलंय की तिथले डॉक्टर पाठ आणि दंड बारकाईने बघतील पण तू चपला-मोजे काढून तळपाय आणि नेलपॉलिश पुसून नखं आपणहून दाखव.

मामीचा आकडा आला ०.६. तिचा तुकडा आला त्या दिवशी मी ग्रॉसिंगला, म्हणजे काप घेताना, उभी राहिले नाही, दुसऱ्या मुलीला सांगितलं. परत एक सेंटीमीटर कड घेऊन कापलं, टाचेवर मांडीची कातडी बसवली, दीड महिना वॉकर. स्लाइड आणि ब्लॉक घेऊन आम्ही परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटललाही एक मत घेऊन आलो. तेव्हा घाबरून सुचत नाही म्हणून लिहिते, नुसता कागदी रिपोर्ट नेऊन उपयोग नाही, ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्यायचे, लॅब ते ठेवते आणि मागितले की देते. आता दर काही महिन्यांनी डॉक्टर तिची जांघ हाताने दाबून बघतात की अवधाण, म्हणजे गाठ सुजून, तर आलं नाही ना, आणि दोन्ही तळवे भिंगातून बघतात. घरी ती खुर्चीवर बसून पायाखाली मामाचा दाढीचा आरसा धरते, आणि मामाचे पण पाय बघते.